नोंदवहीत ‘ठीक’ असलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. आहे म्हणायचं आपलं, कारण आज माझे हातहातभर लांबीचे शंभरेक तुकडे झालेत आणि ते सगळे एका पोत्यात कोंबलेले आहेत. त्यातला कुठला तुकडा बोलतोय ते विचारू नका. मलाही ते धड सांगता यायचं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आत नायलॉनच्या पांढऱ्या धाग्यांची वेणी, वरून केशरी विणलेलं आवरण, आणि टोकाला एक इवलीशी पट्टी. पट्टीवर माझा क्रमांक आणि जन्मतारीख. कपडे वाळत घालायच्या दोरीला कोणी जन्मतारीख विचारत नाही. मला विचारतात, कारण माझ्यावर जिता माणूस लोंबकळतो.

तो माणूस म्हणजे माझे मालक. ते झाडं छाटायचे. दिसली फांदी की घाल घाव, असल्यांतले ते नव्हते. कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची, काप कुठे घेतला म्हणजे झाडाची जखम भरून येते, हे त्यांना डॉक्टरसारखं कळायचं. ते वर चढायचे आणि खाली त्यांची थोरली बहीण उभी असायची. तिला सगळे ताईच म्हणत. करवत वर पाठवायची, कापलेल्या फांद्या हळूहळू उतरवून घ्यायच्या, खालून कोणी जाऊ नये म्हणून पट्टी बांधायची, ही तिची कामं. वर काही झालंच तर भावाला उतरवून आणता यावं म्हणून ती चढायलाही शिकली होती. त्यावरून ती त्यांची चेष्टा करायची. तुला खांद्यावर घेऊन उतरायचंय रे बाबा, जरा बेताने जेव, म्हणायची.

कागदपत्रंही तिच्याकडेच. एकदा एक गृहस्थ हट्टाला पेटले. पानं अंगणात पडतात म्हणून अख्खं झाड त्यांना आडवं करून हवं होतं. ताईने परवानगीपत्र मागितलं. अंगण माझं, झाड माझं, मग पत्र कसलं, असं ते म्हणाले. ती काही वाद घालत बसली नाही. हेल्मेटं उचलली, गाडीत ठेवली आणि भावाला खाली बोलावलं. घरट्यात पिल्लं दिसली तर ती उडून जाईपर्यंत काम थांबायचं. या बाबतीत बहीण-भाऊ दोघेही एकाच माळेचे मणी.

आणि तिची ती नोंदवही! रोज सकाळी, मालक चढायच्या आधी, ताई हातमोजे काढायची आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सोडायची. कुठे गाठ लागते का, कुठे पोकळ लागतं का, आवरण उसवलंय का. मग वहीत तारीख, माझा क्रमांक, ‘ठीक’ आणि सही. अकरा वर्षांत तपासनिसाला त्या वहीत एक चूक सापडली नव्हती. तिला त्याचा फार अभिमान होता. मालक म्हणायचे, हिच्या वहीला तीट लावा, नाहीतर दृष्ट लागेल.

या धंद्यात आणखी एक रीत आहे. दोर बाद झाला की तो कोपऱ्यात ठेवायचा नाही, शेजाऱ्याला द्यायचा नाही. त्याच दिवशी त्याचे हातभर तुकडे करायचे. कारण अख्खा दोर चांगलाच दिसतो, आणि एखाद दिवशी कोणीतरी त्यावर चढतं. माझा जोडीदार निळा दोर होता. त्याला करवतीचा दात लागला. तांदळाच्या दाण्याएवढी जखम, पण मालकांनी तिथल्या तिथे त्याचे तुकडे केले. मी खुंटीवरून पाहत होतो आणि खरं सांगतो, मला संताप आला होता. एवढ्याशा ओरखड्यासाठी कोणी असं करतं का, असं वाटलं. नवा दोर यायला दहा दिवस होते. तोवर मी एकटाच.

त्याच दहा दिवसांत ते घडलं. एका शाळेच्या आवारात मोठं झाड होतं. त्याच्या तीन वाळक्या फांद्या बरोबर मुलांच्या पाण्याच्या नळांवर आल्या होत्या. परवानगी त्या तीन फांद्यांपुरती होती, आणि तिची मुदत सोमवारी संपत होती. पुन्हा अर्ज केला तर दोन महिने गेले असते. शनिवारी संध्याकाळी ताईने फांद्यांचा भुगा करणाऱ्या यंत्राची बॅटरी गाडीत ठेवली. घाईत होती. झाकण नीट बसलंय का हे पाहायचं राहिलं. बॅटरी कलंडली, आणि तिच्यातलं आम्ल माझ्या पिशवीत झिरपत गेलं. शनिवारची रात्र आणि रविवार, मी त्यात पडून होतो.

सोमवारी सकाळी शाळेत पोचल्यावर तिने पिशवी उघडली. बुडाशी ओल, शेजारी आडवी बॅटरी. तिचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ल लागल्याचा नुसता संशय आला तरी नायलॉनचा दोर बाद, हा नियम तिला तोंडपाठ होता. मालक तेव्हा मुख्याध्यापिकेला पत्र दाखवायला आत गेले होते. ताईने मला नळाखाली धरलं, पुन्हा पुन्हा धुतलं, फडक्याने पुसलं. मग बोटांतून सोडलं, एकदा नाही, तीनदा. हाताला काहीच लागलं नाही. लागणार तरी कसं? आवरण धडधाकट होतं आणि आतले धागे मुक्याने मरत होते. मला ते कळत होतं हो, पण दोराला तोंड कुठे असतं?

मालक बाहेर आले. मला हात लावून म्हणाले, “ओला कसा काय?”

“चिखल लागला होता. धुतला,” ताई म्हणाली.

“पाहिलास ना नीट?”

“पाहिला.”

आणि तिने वहीत ‘ठीक’ लिहून सही केली.

तिन्ही फांद्या उतरल्या. मालक चढायचे फांद्या धरून, आणि कापताना कमरेच्या आखूड पट्ट्यानेही खोडाला बांधलेले असायचे, त्यामुळे सगळा भार माझ्यावर नव्हता. काम संपलं. त्यांनी पट्टा सोडला आणि उतरायला म्हणून माझ्यावर अंग टाकलं. दोन मजल्यांच्या उंचीवर मी तुटलो. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. मित्रांनो, चार वर्षं मी ज्या माणसाला सांभाळलं, त्याला मीच खाली टाकलं.

ते वाचले, पण कमरेखालचं अंग गेलं. चौकशी झाली. मला क्रमांकाची चिठ्ठी लावून मोहोरबंद पिशवीत घातलं आणि एका कचेरीच्या लोखंडी कपाटात ठेवलं. ताईने चौकशी अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. भावाला मात्र सांगायचा धीर तिला झाला नाही. त्यांना ते अहवालातून कळलं. ती रोज त्यांना उठवून बसवायची, भरवायची, पाय चोळायची, आणि दोघांत जेवणखाण आणि औषधं सोडून दुसरा शब्द नसायचा.

सात महिन्यांनी कचेरीने मला परत पाठवलं. ताईने मला दाराआड लपवलं, पण खिडकीजवळच्या पलंगावरून मालकांना ते दिसलंच.

“ताई, हा अजून अख्खा कसा?” ते म्हणाले.

तिने मोठी कात्री आणली, जमिनीवर बसली आणि मला कापू लागली. मालकांनी हात पुढे केला. ती एकेक तुकडा त्यांच्या हातात द्यायची. ते तो बोटांतून सोडायचे आणि पोत्यात टाकायचे. तुटल्या जागेच्या जवळचा तुकडा आला. त्यावर त्यांची बोटं दोनदा गेली, तीनदा गेली. त्यांनी डोळे मिटून पुन्हा चाचपून पाहिलं.

“मलाही कळलं नसतं,” ते म्हणाले.

ताईने मान वर केली. सात महिन्यांत तिने पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं असेल.

“पण तू सांगितलं असतंस,” ते म्हणाले, “तर मी चढलो नसतो.”

कात्री थांबली नाही. शेवटच्या तुकड्यापर्यंत ती रडत रडत मला कापत राहिली आणि ते तिच्या हातून तुकडे घेत राहिले.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने जीव शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मला तसं म्हणायला तोंड नाही. मला कोणी कमी जपलं नव्हतं. मी एवढंच म्हणतो, तुमच्या हातून काही सांडलं, पडलं, बिघडलं, तर ते त्याच वेळी सांगा. बोलणी बसतील, ती खा. हाताला न लागणारी गोष्ट कोणी सांगितली तरच कळते.

ती वही अजून घरात आहे. माझ्या नावापुढे ताईने ‘बाद’ लिहिलं. त्या सोमवारचं ‘ठीक’ तिला खोडायचं होतं, पण मालकांनी ते खोडू दिलं नाही.