मोयकाकांच्या दारातली जागा

न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या आमच्या गल्लीत पोलीस ठाणं आहे. बाहेरचे लोक म्हणतात, बरंय की, तुम्हाला चोरांची भीती नाही. त्यांना काय सांगायचं, कपाळ! ठाण्यातले साहेब लोक लांबलांबून स्वतःच्या खासगी गाड्या घेऊन कामाला येतात आणि मन मानेल तिथे लावतात. फुटपाथवर, बसच्या थांब्यावर, आगीच्या बंबाच्या नळासमोर. काचेमागे सरकारी कामाचं कार्ड टाकलं की झालं. कार्ड मुदत संपलेलं असलं तरी चालतं, खोटं असलं तरी चालतं, आणि कार्डच नसेल तर पोलिसांचं चमकणारं जाकीट नुसतं पसरून ठेवलेलंही चालतं. रस्ता झाडणारी गाडी त्यांना वळसा घालून जाते, म्हणून खाली कोबीची पानं, माशांची खवलं आणि मेलेले उंदीर तिथेच कुजतात. सकाळी दुकान उघडताना मला किळस येते, आणि ती फक्त उंदरांची नाही.

माझं दुकान कागदी सामानाचं. गेलेल्या माणसाला तिकडे जे लागेल ते कागदाचं करून त्याच्यामागे जाळायचं, अशी आमची रीत. मी घरं करते, कोट करते, मर्सिडीजसुद्धा करते.

दुकानाच्या वर मोयकाका राहायचे. जन्मभर त्यांनी शहराची बस चालवली. बस फुटपाथला चिकटूनच उभी राहिली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. थांब्यावर पोलिसांच्या गाड्या असल्या की बस रस्त्याच्या मधोमध थांबवावी लागे, आणि म्हाताऱ्या बायका गुडघे धरत खाली रस्त्यात उतरत. ते त्यांच्या फार जिव्हारी लागायचं. निवृत्तीनंतर ते शहराच्या तक्रारीच्या नंबरवर रोज फोन करू लागले. पण ती तक्रार फिरून येते कुठे, तर याच ठाण्यात! थोड्या वेळाने फोनवर लेखी उत्तर यायचं, ‘पोलिसांनी जागेची पाहणी केली, काही गैर आढळलं नाही.’ काका ते मला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि समोर तीच गाडी उभी असायची.

“पाहणी कधी केली गं यांनी? मी सकाळपासून इथेच बसलोय!”

“खिडकीतून केली असेल, काका.”

“हस तू. एक दिवस तरी हे काहीतरी खरं लिहितील.”

तो दिवस यायच्या आत काका गेले.

मोयकाकू दुकानात आल्या. त्यांचा मुलगा रेमंड मर्सिडीजकडे बोट दाखवत होता, त्याचा हात त्यांनी खाली केला. “मर्सिडीज नको. कागदाची बस करून दे, सुयिंग. आणि एक काम कर. शववाहिका आपल्या दारात थांबायला हवी. फुटपाथला लागून.”

दफनाला जाण्याआधी शववाहिका घरापुढे थांबते, मागचं दार उघडतात, घरची माणसं दारातून तीनदा वाकतात. गेलेला माणूस घराचा निरोप घेतो. तो दारात थांबला नाही तर घर शोधत भटकत राहतो, असं काकू मानतात. शिवाय त्यांचे गुडघे कामातून गेलेले, रस्त्यात उतरणं त्यांना जमत नाही.

मी आणि रेमंड ठाण्यात गेलो. सार्जंट ब्रँकाटो खुर्चीतून उठला, छातीवर हात ठेवून म्हणाला, “फार वाईट झालं. उद्या सकाळी तुमच्या दारातली जागा मोकळी असेल, मी शब्द देतो.” संध्याकाळी तो स्वतः आला आणि जागा राखायला तिथे रस्त्यावरचे नारिंगी शंकू मांडून गेला. खरं सांगते, मला भरून आलं. काकू तर त्याला खिडकीतून हात हलवत होत्या.

सकाळी शंकू फुटपाथवर, माझ्या दाराशी, एकात एक नीट रचून ठेवलेले. त्यांच्या जागेवर एक भलीमोठी काळी गाडी. काचेमागे चमकणारं जाकीट. सकाळच्या पाळीला येणाऱ्या कुणाला तरी आयती मोकळी जागा दिसली होती. त्याने शंकू रस्त्यावर भिरकावले असते तर मला कमी किळस आली असती. नीट रचून ठेवले मेल्याने!

रेमंड ठाण्यात धावला. सार्जंटची सुट्टी होती. टेबलामागच्या माणसाने मानही वर केली नाही.

“असेल कुणाची तरी. कामावर असेल तो.”

“अहो, माझ्या वडिलांची शववाहिका येतेय!”

“आवाज खाली, साहेब. ठाणं आहे हे.”

मग मीच काकांचा तो तक्रारीचा नंबर लावला. जागा अडवल्याची तक्रार नोंदवतेय तोच कोपऱ्यावर अंत्ययात्रेचा बँड वाजायला लागला.

पुढे फुलांची गाडी, तिच्यावरच्या फोटोत ड्रायव्हरच्या टोपीतले काका हसत होते. मागे शववाहिका. ती दारापाशी आली आणि काळ्या गाडीच्या पलीकडे, रस्त्याच्या मधोमध थांबली. दुसरं करणार काय! काकू दारात आल्या. त्यांनी एकदा सगळं बघून घेतलं. मग गुडघा धरून, रेमंडच्या खांद्यावर भार टाकून त्या रस्त्यात उतरल्या. गाड्यांच्या फटीत धड वाकायलाही जागा नव्हती. दर खेपेला त्यांचं कपाळ त्या काळ्या बॉनेटला टेकत होतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई गाडीलाच नमस्कार करतेय.

तेवढ्यात एक हवालदार आला. माझी तक्रार पोहोचली होती! त्याने काळ्या गाडीतलं जाकीट बघितलं, पुढे गेला. नळासमोरच्या गाडीतलं कार्ड बघितलं, पुढे गेला. शववाहिकेपाशी थांबला.

“रस्ता अडवलाय. तक्रार आलीय.”

शववाहिकेचा ड्रायव्हर मागचं दार धरून उभा होता. “साहेब, आत माणूस आहे.”

“दोन मिनिटांत हलवा,” असं म्हणत त्याने दंडाची पावती फाडली आणि वायपरखाली खोचली. माझ्या हातातला फोन थरथरला. ‘पोलिसांनी जागेवर जाऊन कारवाई केली.’ मी फोन पर्समध्ये टाकला. माझी तक्रार, आणि पावती काकांच्या शववाहिकेला! लाजेने मला वर बघवेना.

पावती काकूंनी काढून घेतली.

दफन झालं, आम्ही जाळायच्या पिंपापाशी आलो. रेमंड म्हणाला, “आई, ती पावती दे. मी सोडणार नाही त्यांना, वकिलाकडे जातो.”

काकूंनी ती माझ्यापुढे धरली. “वाच गं. मला इंग्रजी येत नाही.”

मी वाचलं. गल्लीचं नाव, गाडीचा नंबर, गाडी फुटपाथपासून लांब, रस्त्याच्या मध्ये उभी.

“फुटपाथपासून लांब,” काकू म्हणाल्या. “खरंच लिहिलंय की.”

त्यांनी माझी कागदी बस उचलली, पावतीची घडी करून पुढच्या काचेमागे खोचली, जिथे पोलीस लोक कार्ड लावतात तिथेच, आणि बस पिंपात सोडली.

“वाचू दे ह्यांना,” त्या म्हणाल्या. “रोज वाट बघायचे.”