मिस्टरच्या मागे

शुक्रवारी तनया अल बर्शातल्या आपल्या घरून अल ऐनला बाबांकडे पोचली, तेव्हा बाबा थालीपिठं लावत होते आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर निळी पट्टी चिकटवलेली होती. खेळाडूंच्या दुखऱ्या स्नायूंवर लावतात ती, ताणली की रबरासारखी लांबणारी.

"हे काय हो?"

"काही नाही गं. आठवडाभर पोरांच्या मांड्या रगडतोय, खांदा धरलाय. सध्या मीच माझा पेशंट."

"डॉक्टरला दाखवा ना एकदा."

"मग मी कोण आहे? शिंपी?"

सूर्यकांत फुटबॉल संघाचे फिजिओथेरपिस्ट होते, मूळचे पुण्याचे. खेळाडूच्या दुखऱ्या जागी अंगठा दाबून ते सांगत, हा पंधरवडाभर खेळणार नाही, हा नाटक करतोय. त्यामुळे दुखण्याखुपण्याबाबत त्यांना दुसऱ्यांदा विचारायची घरात पद्धत नव्हती. तनयानेही विचारलं नाही.

थोड्या वेळात दार ढकलून मिस्टर आत आला. बेल तो कधीच वाजवत नसे. नाव एलादियो किरोगा, पण स्पेनमध्ये खेळाडू प्रशिक्षकाला मिस्टर म्हणतात म्हणून बाबाही म्हणायचे, आणि म्हणून घरातले सगळेच. सोफ्यावर बसून त्याने उजवा पाय टीपॉयवर टाकला. बाबा तवा उतरवून आले आणि काही न विचारता त्याचा गुडघा दाबू लागले.

त्या गुडघ्याने या घराचा नकाशा आखला होता. एके काळी मिस्टर स्पेनच्या पहिल्या श्रेणीत मधल्या फळीत खेळायचा. चांगला खेळायचा, असं जुनी चित्रफीत दाखवताना बाबा दर वेळी म्हणत. ऐन भरात गुडघा गेला. मग तो प्रशिक्षक झाला, दोन क्लबांनी त्याला काढलं आणि तो आखातात आला. फुजैरात बाबांनी त्याला परत धावतं केलं, तेव्हापासून त्याने बाबांना सोडलं नाही. मिस्टरला फुजैरातून काढलं, हे कुटुंब रास अल खैमाला गेलं. तिथून काढलं, अल ऐनला आलं. मध्ये तो स्पेनला परतला, तेव्हा बाबांनी शारजात एका क्लिनिकमध्ये नोकरी धरली. एका सकाळी फोनवर मिस्टरचं "यल्ला, सूर्या", म्हणजे चल, ऐकू आलं आणि त्याच दुपारी त्यांनी राजीनामा दिला.

आई तेव्हा होती. ती खोके कधी टाकून देत नसे, घडी करून पलंगाखाली सारायची. शाळेतल्या तनयाला पाढ्यांच्या आधी गुणतालिका वाचता येऊ लागली. मिस्टरचा संघ तळाशी सरकला की तिला कळायचं, आता नवी शाळा, नवा गणवेश, मधल्या सुट्टीत पुन्हा एकटीने डबा खाणं. ती रोज देवापुढे उभं राहून मिस्टर जिंकावा म्हणून हात जोडायची. बाबांना वाटायचं, पोरीला फुटबॉलचं वेड आहे.

"उद्या हरलो तर सोमवारी मी टुरिस्ट," मिस्टर थालीपीठ मोडत म्हणाला. त्याचं इंग्रजी खडबडीत होतं. "कॅमल राइड, सेल्फी, खलास."

"हरत नाही आपण," बाबा म्हणाले.

"हरलो तरी काळजी नाही. ओमानमधून फोन होता. सलाला. समुद्र आहे, सूर्या. तुला मासे मिळतील. येशील ना?"

"इन्शाल्ला," बाबा हसून म्हणाले. तनयाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

ती मुळात आली होती ती हेच बोलायला. बाबांनी साठी ओलांडली होती. अल बर्शात तिच्याकडे एक खोली रिकामी होती, पलंगावर नवी गादीसुद्धा घालून झाली होती. मिस्टर गेल्यावर बोलू, असं तिने ठरवलं. तो गेल्यावर बाबा भांडी विसळता विसळता सलालाच्या हवेबद्दल बोलत राहिले, इतक्या खुशीत की तिने विषय न काढता फडकं घेऊन ताटं पुसली.

"निघते," ती म्हणाली.

"सावकाश चालव. आणि उद्या फोन करू नकोस, मॅच आहे."

हा मिस्टरचा नियम होता. सामन्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांचे फोन एका बॅगेत, बॅग कपाटात, किल्ली मिस्टरच्या खिशात. शेवटच्या शिट्टीपर्यंत कुणी कुणाचं नाही.

शनिवारी दुपारी तरी तिने फोन लावला. वाजत राहिला. मॅच आहे, तिने स्वतःला समजावलं. पुन्हा लावला. खांदा कसाय, एवढंच विचारायचं होतं. संध्याकाळी लॅपटॉपवर सामना सुरू झाला. कॅमेरा राखीव खेळाडूंच्या बाकावरून सरकला, पण इतका भरभर की तिला चेहरे दिसले नाहीत. बाबा टोकाला बसतात, टोकापर्यंत कॅमेरा पोचलाच नाही.

तिला लाज वाटली, पण ती वाट पाहू लागली, कुणीतरी पडावं याची. कुणी पडलं की बाबा धावत आत येतील, पोट थोडं सुटलेलं, औषधांची पिशवी मांडीवर आपटत. तेवढं दिसलं की पुरे.

मध्यंतराआधी एक बचावपटू पोटरी धरून कोसळला. पंचाने हात केला. पिशवी घेऊन धावत आला तो मोहिद्दीन होता, बाबांचा मदतनीस. पिशवी तीच होती.

तनयाने गाडीची किल्ली उचलली.

अल ऐनच्या रस्त्यावर तिने स्वतःला शंभर कारणं दिली. बाबांना ताप आला असेल. मोहिद्दीनला शिकू दे म्हणाले असतील. मिस्टरशी भांडले असतील, हे सगळ्यांत बरं होतं. दोन्ही बाजूंना वाळू काळवंडत चालली होती. एवढ्यात फोन वाजला आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली, "बाबा."

"काय हो, किती घाबरवता!" ती जवळजवळ ओरडली.

पलीकडे मिस्टर होता. कपाट उघडून त्याने बाबांचाच फोन उचलला होता.

सामन्याआधीच्या सरावाला उतरण्यापूर्वी पट्टी नव्याने लावून घेताना बाबा खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यांना दवाखान्यात नेणाऱ्या माणसाचाही फोन त्या बॅगेतच होता.

ती पोचली तेव्हा मिस्टर पलंगाजवळ उभा होता, मैदानावरच्याच कपड्यांत. सामना जिंकला होता. बाबांचा चेहरा दाढी केल्यासारखा स्वच्छ दिसत होता.

मग मिस्टर खाली बघत म्हणाला, "काल त्याने मला परत फोन केला. म्हणाला, तनया नको म्हणाली तर मी येत नाही." त्याने पलंगाची चादर सरळ केली. "मग म्हणाला, पण ती कधी म्हणत नाही."

तनयाने खुर्ची पुढे ओढली. बाबांचा हात धरला. तो अजून अगदी गार झाला नव्हता. मराठी मिस्टरला कळणार नव्हतं, त्यामुळे तिला आवाज खाली घ्यावासा वाटला नाही.

"नका जाऊ, बाबा," ती म्हणाली. "मला प्रत्येक वेळी नको होतं. फुजैरातून नको होतं, रास अल खैमातूनही नको होतं. त्याला जाऊ द्या. तुम्ही राहा."