मान हलवायची नाही

"उडदारसुद्धा?" देवाप्पानं विचारलं.

"उडदारसुद्धा, अंकल. चांदीची पेटी आहे ना त्याला." यंत्र चालवणारी भव्या कानडीत म्हणाली आणि प्लॅस्टिकचा ट्रे पुढे केला.

ट्रेमध्ये घड्याळ होतं, चष्मा होता, अंगठी होती. शर्टाच्या कॉलरला आतून खोचलेल्या दोन सुया होत्या. त्या काढल्यावर भव्या हसली होती. आता उडदार, कमरेचा गोफ. मुंज झाल्यापासून तो कमरेवरून कधी उतरला नव्हता. निळ्या झग्याच्या नाड्या एका हातानं धरून देवाप्पानं दुसऱ्या हातानं गाठ सोडायचा प्रयत्न केला. डाव्या हाताची बोटं गाठीवर नुसतीच फिरत राहिली. शेवटी पडद्याबाहेरून त्याची बायको ठकुबाई आत आली, तिनं दातांनी गाठ सोडली आणि उडदार पदरात बांधला.

"सगळं उतरलं. आता राहिलं काय?" देवाप्पा म्हणाला.

"जीभ राहिलीय," ठकुबाई म्हणाली. "ती तेवढी आत गप ठेवा."

तिनं हे थट्टेनं म्हटलं होतं.

देवाप्पा चामराजपेटेत ब्लाउज शिवायचा. बाप शिंपी, आजा शिंपी, आणि तिघांच्याही हाताला मृदंग. दर एकादशीला विठ्ठल मंदिरात वासुदेवबुवांचं कीर्तन असे आणि बुवांच्या डाव्या अंगाला देवाप्पा मृदंग घेऊन बसे. बुवांनी पूर्वरंगातला एखादा मुद्दा सोडवला, की श्रोत्यांच्या आधी देवाप्पाची मान डोले. बुवा गमतीनं म्हणत, "मी कुठं चुकतो ते मला देवाप्पाच्या मानेवरनं कळतं. ती थांबली की समजायचं, बुवा घसरले."

दोन महिन्यांपूर्वी बाही जोडताना मशीनची सुई त्याच्या डाव्या तर्जनीतून आरपार गेली. कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा त्याला ते कळलं. त्याच्या पुढच्या एकादशीला मृदंगाच्या डाव्या तोंडावर, धुमेवर, थाप पडेना. पडे, पण घुमेना. उत्तररंग सुरू व्हायच्या आत त्यानं मृदंग शेजारी बसलेल्या नागराजकडे सरकवला आणि चप्पल न घालताच घरी आला.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली. म्हणाले, "मानेत मज्जारज्जूवर दाब आलाय असं वाटतं. कुठं आणि किती, ते एमआरआयशिवाय सांगता येणार नाही. ऑपरेशन वेळेत झालं तर हात वाचेल. उशीर केलात तर आधी हात जाईल, मग चालणं."

मग एमआरआयच्या दराची चौकशी सुरू झाली. मुलगा शुभंकर शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला राहतो. त्याच्या घराजवळ अकरा हजार म्हणाले. इथं बस स्टँडमागे साडेसहा. सरकारी इस्पितळात त्याच्या निम्म्याहून कमी, पण नंबर अडीच महिन्यांनी. शुभंकरच्या ऑफिसचा विमा होता, आईबापांसकट होता. पण तो विमा इस्पितळात भरती झाल्यावरच पैसे देई, नुसत्या तपासणीला नाही.

"यंत्र एकच, मग भाव तीन कसे?" देवाप्पानं कौंटरवर विचारलं होतं. कौंटरवरची कस्तुरी निपाणीकडची. मराठी ऐकून तिचा चेहरा फुलला.

"यंत्र एकच नसतं की हो मामा. कुणाचं जुनं, कुणाचं ताकदीचं. आमच्यात फोटो आणि रिपोर्ट धरून साडेसहा. शिरेतून रंगाचं औषध घालायला सांगितलं तर त्याचं वेगळं. आणि पेशंट गप पडत नसला, गुंगी द्यावी लागली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरचं वेगळं. मग दुप्पटच धरा."

"म्हणजे ब्लाउजसारखंच की," देवाप्पा म्हणाला. "शिलाई वेगळी, अस्तर वेगळं, अर्जंट वेगळं."

कस्तुरी खळखळून हसली. शुभंकरनं तिकडूनच मोबाइलवरून पैसे भरले. त्याची बायको आर्या पुण्याची, मायाळू पोर. सकाळी तिनं मुद्दाम फोन केला होता. "बाबा, आत खूप बंदिस्त वाटतं हं, आणि आवाज तर भयंकर असतो. पण दुखत वगैरे काही नाही. पॅनिक होऊ नका. डोळे मिटा आणि सरळ नामस्मरण करा. अर्धा तास कुठं गेला कळणारसुद्धा नाही."

देवाप्पाला सून आवडायची ती अशासाठी.

भव्यानं त्याला फळीवर निजवलं, कानात कापूस घातला, मानेवर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं. "हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, मान तर मुळीच नाही. काही झालं तर हा फुगा दाबा." तिनं रबरी फुगा उजव्या हातात दिला. फळी सरकली. नाकाच्या वर चार बोटांवर पांढरं छत आलं.

देवाप्पानं डोळे मिटले आणि नाम घेतलं.

आणि मग यंत्र वाजायला लागलं. आधी ठक, ठक, ठक. मग मध्येच थांबून जाडसर, घर्र घर्र, एकसारखं. देवाप्पाच्या अंगावर काटा आला तो भीतीनं नव्हे. ठेका होता तो! चार मात्रांचा, घोटीव, लय तसूभर न ढळणारा. बुवा कथा संपवून गजराला उभे राहतात, टाळकरी पुढं सरसावतात, तेव्हा जशी लय चढते तशी ती चढत होती. विठ्ठल विठ्ठल विठ्ठल. देवाप्पानं हात हलवला नाही, पाय हलवला नाही. सांगितलेलं सगळं त्यानं पाळलं. नाम घेणं म्हणजेही हलणं, हे त्याच्या गावीच नव्हतं.

"अंकल, अल्लाडबेडी! हलू नका म्हटलं ना!" छतातून आवाज आला.

"नाही हलत, अम्मा," तो म्हणाला.

भव्यानं पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा तिनं त्याला बाहेरच ओढलं.

"तोंडात काय चाललंय तुमच्या?"

"देवाचं नाव."

"मनात घ्यायचं ना!"

"मनातच घेतोय."

"ओठ हलतायत, अंकल. घसा हलतोय, हनुवटी हलतेय. फोटो मानेचाच आहे, त्यात सगळं धुरकट येतंय." ती पोर रडकुंडीला आली होती. दारात स्ट्रेचरवर पुढचा पेशंट येऊन थांबला होता. "मला आणखी वेळ नाही देता येत. निघालेत तसे देते."

ठकुबाईनं पदरातला उडदार काढून त्याच्या कमरेला बांधला. कस्तुरीनं मान वर न करताच पाकीट दिलं. "पुन्हा काढायचं झालं तर पैसे पुन्हा पडतील हो मामा. मी विचारून बघितलं आत. नाही म्हणाले."

डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि लगेच खाली ठेवला. "यात मला काही दिसत नाही. असल्या फोटोवर मी मान उघडू शकत नाही. पुन्हा काढा. गुंगी देऊन काढा."

संध्याकाळी देवाप्पानं शुभंकरला फोन लावला. ठकुबाईनं स्पीकर चालू केला.

"बाबा, ऑपरेशन होतं का ते? काही करायचं होतं का तुम्हाला? नुसतं पडून राहायचं होतं. अर्धा तास."

"अरे, ते नाम घेता घेता..."

"घरी घ्या ना नाम! दिवसभर घ्या! साडेसहा हजार रुपये गेले बाबा. या महिन्यात आता होणार नाही, घराचा हप्ता आहे. आणि गुंगी म्हणजे दुप्पट."

मागून आर्याचा आवाज आला, "अरे, मीच सांगितलं होतं त्यांना." मग फोन कुणीतरी हातानं झाकला असावा.

"गुंगी नको," देवाप्पा म्हणाला. "एक तारखेनंतर साधाच काढू. मी हलणार नाही."

"ते तुम्हाला जमणार आहे का?" शुभंकर म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर देवाप्पाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. देवाप्पा कापड बेतायच्या मेजाखाली उताणा निजे. नाकावर चार बोटांवर मेजाची फळी. ठकुबाई शेजारी बसून स्टीलच्या ताटावर उलथनं बडवी.

"हललात."

"कुठं हललो?"

"कंठ हलला."

"थुंकी गिळली गं!"

"गिळायची नाही. पुन्हा."

पहिले काही दिवस दोघांना हसू येई. खालच्या मजल्यावरची धनलक्ष्मी वर येऊन विचारून गेली, "अक्का, काय हे? अण्णांना बडवताय की काय?" मग हसणं सरलं. देवाप्पाच्या लक्षात आलं, की नुसता ओठ आवळून भागत नाही. आत नाम चाललं की कंठ आपोआप उचलतो. म्हणून आतलं नामसुद्धा थांबवायला हवं. ताटावर ठेका पडतो आहे आणि आपण तो ऐकत नाही, मोजत नाही, त्याला जोडून घेत नाही, असं करायला हवं. साठी उलटल्यावर तो हे शिकायला बसला. बापानं मांडीवर बोटांनी बोल पढवले होते, ते तो एकेक करून खाली ठेवत गेला.

एकादशीला तो मंदिरात गेला. ठकुबाई म्हणाली, "आज नको." तो म्हणाला, "तिथं जमलं तर कुठंही जमेल." नागराज मृदंगावर होता. बुवांनी उभं राहून गजर धरला, सारं मंदिर डोलायला लागलं, आणि खांबाला टेकून देवाप्पा मातीच्या गणपतीसारखा बसून राहिला. कीर्तन संपल्यावर बुवा जवळ आले.

"देवाप्पा, घसरलो का रे मी आज? मान हलली नाही तुझी एकदासुद्धा."

"नाही बुवा. फार छान झालं."

"मग रुसलास? नागराजला बसवला म्हणून?"

"नाही हो." एवढंच म्हणून तो बुक्का लावून निघाला. सांगायला गेला असता तर बुवांना हसू आलं असतं, आणि आपल्याला रडू, असं त्याला वाटलं.

दोन तारखेला तो पुन्हा त्याच फळीवर निजला. यंत्र वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. लय तीच होती. देवाप्पा तिच्याकडे गेला नाही.

"सूपर, अंकल!" भव्यानं त्याला बाहेर काढत टाळी वाजवली. "एकदासुद्धा नाही! तरणी पोरंसुद्धा एवढी गप पडत नाहीत. काय केलंत?"

"काही नाही केलं, अम्मा," देवाप्पा म्हणाला.

या वेळी फोटो काचेसारखे स्वच्छ आले. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं जागा दाखवली, दोन मणक्यांच्या मधली, तांदळाएवढी. "इथं. सोमवारी करू. भरती झालात की तुमच्या मुलाचा विमा लागू होईल." मग पेन मिटवून म्हणाले, "चालणं राहील. त्याची काळजी करू नका. हाताचं मात्र महिन्यापूर्वी आला असतात तर..." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलवायची खूण केली.

शुभंकर त्या दिवशी रजा घेऊन आला होता. बाहेर आल्यावर त्यानं बापाच्या हातातलं पाकीट घेतलं, रिक्षा थांबवली, त्याला आधार देऊन बसवलं. वाटेत तो एकदा काहीतरी बोलणार होता. देवाप्पानंच विचारलं, "आर्या बरी आहे ना?"

रविवारी एकादशी होती. दुसऱ्या दिवशी भरती व्हायचं म्हणून ठकुबाई त्याला लवकर मंदिरात घेऊन गेली आणि बायकांच्या बाजूला न बसता त्याच्या शेजारीच बसली. कुणी काही म्हणालं नाही. बुवांनी आज देवाप्पाला आवडणारं आख्यान लावलं होतं. नागराजचा हातही चांगला पडत होता. गजर चढला. पुढची म्हातारी माणसं, मागची पोरं, दाराशी चपला सांभाळणारा, सगळे डोलत होते.

ठकुबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

"अहो," ती कानाशी म्हणाली, "झाला की फोटो. आता हलवा मान. आता चालतंय."

देवाप्पानं मान हलवून पाहिली. एकदा खाली, एकदा वर. लय सोडून. कुणी हाक मारल्यावर होय म्हणावं, तशी.

ठकुबाईनं त्याचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्याच्या तळव्यावर बोटांनी ठेका धरला. देवाप्पा खाली पाहत राहिला. तिचं बोट कधी पडतं आणि कधी उठतं, ते तो डोळ्यांनी बघत होता.