चोरीच्या हँगरांचं घरटं

माझ्या धाकट्या जावेला मी चोर म्हणाले, तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाईकं उभी होती. एकटीला गाठून म्हणाले असते तर भांडण झालं असतं, दोन दिवस अबोला आणि तिसऱ्या दिवशी चहा. पण चार माणसं बघायला असली की मला चेव येतो. "आपल्याकडचे हँगर हल्ली आपोआप चालत जातात कुणाच्या तरी घरी," असं मी मोठ्याने म्हणाले, आणि त्या 'कुणाच्या तरी'कडे बघूनच म्हणाले. तिने एकदाच 'नाही' म्हटलं, इस्त्री उभी केली, प्लग काढला, चपला घातल्या आणि गेली. अठरा वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही अख्ख्या वस्तीचे कपडे कडक केले होते.

त्याला तीन महिने झाले. आज ती दुसऱ्या शहरात लेकीकडे कायमची निघाली होती. टेम्पो बाराला येणार हे नवऱ्याने मला सकाळपासून तीनदा सांगितलं.

"जाऊन ये एकदा," तो म्हणाला.

"मी कशाला जाऊ? हँगर काय मी नेले?"

त्याने पेपर तोंडासमोर धरला. पेपर परवाचा होता, कारण दोन दिवस वादळापुढे पेपरवाल्याचं काही चाललं नव्हतं.

वादळ पहाटे थांबलं होतं. वीज नव्हती, म्हणजे इस्त्री नाही, आणि मी रिकामी बसले की आजूबाजूच्यांना त्रास होतो. म्हणून दातांच्या डॉक्टरांचे चार पांढरे कोट घेऊन मी त्यांच्या दवाखान्याकडे निघाले. या डॉक्टरांना सगळी वस्ती 'दुर्बीण' म्हणते, कारण पक्षी बघायला ती बारा महिने त्यांच्या गळ्यात असते. ते कोपऱ्यावरच भेटले. झाड आडवं पडून त्यांची गाडी आत अडकली होती, तरी स्वारी अशी खुशीत होती की वादळ यांनीच मागवलं असावं.

"वहिनी, बरोबरच जाऊ. वर बघत चला!"

"मी वर बघते ती फक्त पंखा बंद पडला की," मी म्हणाले. पण माणूस दातांचा डॉक्टर, समोरचा तोंड उघडतो ते बोलायला नाही, म्हणून दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय त्यांना नाही.

दहा मिनिटांच्या रस्त्याला त्यांनी अर्धा तास लावला. बँकेच्या पायऱ्यांवर गुलमोहराची अख्खी फांदी येऊन बसली होती, आणि बँकेचा रखवालदार तिच्यासमोर तिला टोकन द्यावं की नाही अशा चेहऱ्याने उभा होता. पुढे औषधाच्या दुकानाची पाटी उडून गेली होती, पण त्याच भिंतीवरच्या पाइपच्या सांध्यात उगवलेलं वीतभर पिंपळाचं रोप जागचं हललं नव्हतं. "बघा, मुळं!" डॉक्टर म्हणाले. त्यांना रूट कॅनाल आठवलं असणार. मैदानात साळुंक्या चिखलातले किडे उचलत भांडत होत्या. पाण्याच्या टाकीवर एक घार दोन्ही पंख उघडून वाळत बसली होती, खांद्यातून उतरलेल्या ओल्या कोटासारखी. मी पाच मिनिटं तिच्याकडे बघत राहिले. बघण्यासारखी होती, खोटं कशाला बोलू. मग एकदम बारा वाजायला किती वेळ आहे ते आठवलं आणि मी डॉक्टरांना पुढे ढकललं.

शाळेच्या वळणावरचं शिरीषाचं मोठं झाड पडलं होतं. मुळांना लगडलेली मातीची भिंतच्या भिंत माझ्या डोक्याएवढी उंच उभी होती, आणि फांद्या रस्ताभर पसरलेल्या. डॉक्टर त्यात शिरले. शिरले ते ओरडलेच.

"वहिनी! कावळ्याचं घरटं! आणि काडी एक नाही हो, सगळं तारेचं!"

मी वाकून बघितलं. चांगल्या घमेल्याएवढं घरटं होतं. वाकवलेले, पिळलेले, एकमेकांत अडकवलेले तारेचे हँगर. आणि प्रत्येकाच्या मानेला गुलाबी दोऱ्याचे चार वेढे.

तो दोरा आमच्या दुकानाची खूण. दुसऱ्या लाँड्रीवाल्याने आपले म्हणू नयेत म्हणून प्रत्येक हँगरला जाऊच तो गुंडाळायची, आणि शेवटची गाठ दातांनी घट्ट करायची.

म्हणजे हँगर जावेने नेलेच नव्हते. पण मी काही साध्वी नव्हे. आधी मला कावळ्याचा राग आला. मागच्या गॅलरीत मी रिकामे हँगर टांगते आणि हा मेला तिथून रोज एक उचलून संसार थाटतो! त्यानंतर लगेच जो विचार आला, तो सांगायला लाज वाटते. मला वाटलं, हे कुणी बघितलेलं नाही. पालिकेचा ट्रक येईल, झाडाबरोबर हेही जाईल. बारा वाजता टेम्पो सुटेल. मरेपर्यंत मीच खरी ठरेन.

"हा गुलाबी दोरा कसला असेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणाले. त्यांचे कोट ज्या हँगरांवर माझ्या हातात लटकत होते, त्या चारांनाही तोच दोरा होता. दुर्बीण गळ्यात असून या माणसाला दोन हातांवरचं दिसत नाही, याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

"तुमच्या दुकानातून नाही ना कधी गेले?"

"नाही," मी म्हणाले.

तो 'नाही' तोंडातून निघाला आणि मला माझीच किळस आली. तीन महिन्यांपूर्वी जाऊ हेच म्हणाली होती. "ताई, मी नाही हो नेले." एवढंच, एकदा. आणि मी हसले होते. ती खरं बोलत होती तेव्हा मी मानलं नाही, आणि आता मी धडधडीत खोटं बोलले तर डॉक्टरांनी मान डोलावली.

मी कोट त्यांच्या गळ्यात दुर्बिणीवरच अडकवले आणि दोन्ही हातांनी घरटं उचललं.

"अहो, थांबा! पिल्लू जवळपास असणार, ते—"

पिल्लू कुंपणावरच बसलं होतं, लाल तोंड वासून. त्याच्या आईने माझ्या डोक्यात पहिली चोच मारली ती तिथेच. मी पळत सुटले. पंचावन्न वर्षांची बाई, केस सुटलेले, पोटाशी तारांचं घमेलं, आणि वर दोनाचे चार, चाराचे नऊ कावळे. रस्त्यावरची पानं झाडणारी बाई झाडू टाकून बघत राहिली. डॉक्टर मागून ओरडत होते की कावळे चेहरा लक्षात ठेवतात. ठेवू देत. तेवढी शिक्षा मला कमीच होती.

जावेच्या दाराशी टेम्पो उभा होता. कपाट चढलं होतं, गाद्या चढल्या होत्या. ती पायरीवर भांड्यांच्या खोक्याला दोरी बांधत होती. मी घरटं तिच्यासमोर ठेवलं. कावळे समोरच्या गच्चीवर बसून शिव्या देत राहिले.

"हे बघ," मी धापा टाकत म्हणाले. "कावळा होता! तू नव्हतीस!"

तिने एक हँगर बोटाने फिरवला, स्वतः मारलेली गाठ बघितली, आणि परत दोरी आवळायला लागली.

"मी नव्हते, हे मला माहीत होतं, ताई."

"मला नव्हतं ना माहीत!"

"अठरा वर्षांत नाही कळलं. कावळ्याने सांगितल्यावर कळलं." तिने वर बघितलं. "आणि वादळ आलंच नसतं तर?"

माझ्याकडे दोन-तीन उत्तरं तयार होती. मी आज येणारच होते, मला मनातून माहीत होतं, मी नुसतं रागाने बोलले होते. तोंडाचा पट्टा सोडायला मला कधी वेळ लागत नाही. पण सकाळचं एक खोटं अजून जिभेवर होतं आणि दुसरं बोलवेना.

"तर मी तुला चोरच म्हणत राहिले असते," मी म्हणाले. "मरेपर्यंत."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. तिने खोक्याची शेवटची गाठ दातांनी घट्ट केली. मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण हात गंजाने माखले होते.

"जायचं थांबणार नाही मी," ती म्हणाली. "लेकीने खोली रंगवून ठेवलीय."

"नको थांबू."

"आणि ते जे बोललात, ते तिघांसमोर बोलला होतात."

"कोण तिघं, आठवतात मला. आज संध्याकाळपर्यंत तिघांच्या दारात जाऊन सांगते."

"एक तर कोर्टातला कारकून आहे. तो दारातच हसेल तुम्हाला."

"हसू दे मेल्याला."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तिने खोक्याची एक बाजू धरली आणि दुसरी माझ्याकडे सरकवली.

"धरा," ती म्हणाली. "जड आहे, एकटीला उचलत नाही."