नवव्या टेकचं वाक्य

पडद्यावरच्या मंगलाने चौथ्यांदा उठून सगळ्यांना वांग्याची भाजी वाढली आणि पांढुर्ण्याचं सभागृह खो खो हसलं. खुर्चीतली मंगला मात्र अंग चोरून बसली होती.

भाची मोनालीच्या पहिल्या सिनेमात एवढंच होतं: दोन जोडपी, एक जेवण आणि नवरा-बायको चारचौघांत काढत नाहीत अशा गोष्टी. मोनालीला नट परवडणारे नव्हते, म्हणून मामी उभी राहिली, तीही सौंसरच्या आपल्याच स्वयंपाकघरात. अडचण एकच. पुरुषांच्या सोबत जेवायला बसायची मामीला सवयच नव्हती. कॅमेरा सुरू झाला की ही उठायची, वाढत सुटायची आणि हिचं ताट कोरडंच. असे आठ टेक वाया गेले. नवव्याला मोनालीने तिला दटावून बसवलं. पहिला घास हातात घेतला आणि मंगला पाठ केलेलं सगळं विसरून भलतंच बोलून गेली. मोनालीने आधीचं उठणं-वाढणंही सिनेमात ठेवलं आणि नेमकं हेही.

आता ते येणार होतं. शेजारी तिचा नवरा प्रकाश, नगरपालिकेतून नुकताच निवृत्त झालेला. मागेपुढे सगळी त्याच्या ऑफिसातली माणसं. शूटिंगच्या दिवशी तो बोरगावला गेला होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आज याची मान खाली गेली तर?

“हे जवळ येतात अंधारात,” पडद्यावरची मंगला म्हणाली. लोक पुन्हा हसले. “उजेडात, तू जेवली काय, एवढं अठ्ठावीस वर्षांत एकदाबी इचारलं नाही.”

हसू तिथेच थांबलं. प्रकाश समोर बघत राहिला.

सिनेमा संपला, दिवे लागले, टाळ्या काही केल्या थांबेनात. मग पुढच्या रांगेतून भगवंतराव, प्रकाशचे जुने साहेब, यांनी विचारलं, “ते अंधारातलं वाक्य कोणं लिहिलं, बाई?”

मोनालीने मामीचा चेहरा पाहिला.

“मीच लिहिलं.”

सुटले बाई, असं मंगलाला वाटलं. तेवढ्यात प्रकाश उठला.

“खोटं काहून बोलून राहिली वं, मोनाली?” आवाज आधी चिरकला, मग ताठ झाला. “ते वाक्य माह्या बायकोचं हाय. अन् ज्याच्यावर हाय, तो मी.”

अठ्ठावीस वर्षांत मंगलाला या माणसाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

तो तिच्याकडे वळला.

“उभी राहा ना. लोकायले दिसू दे, कोण बोललं ते.”

मंगला उभी राहिली. नमस्कार करायचंही तिला सुचलं नाही.