येडशीहून गेलेला डबा

निजामाच्या राज्यातली गोष्ट. चैत्रातल्या एका दुपारी येरमाळ्याच्या बाजारात तोंडाला फेस आलेलं एक कुत्रं कापडवाल्या कल्याणप्पांच्या पोटरीला कडकडून चावलं. लोकांनी ते तिथंच ठार केलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आण्णासाहेब म्हणाले, "मुंडकं हैदराबादला तपासायला पाठवू. तोवर पोटात सुया सुरू. चौदा घ्याव्या लागतील."

मुंडकं डब्यात भरायचं काम मुनवर कंपाउंडरचं. त्यानं बार्शीचा बर्फ आणवला, भुसा दाबून डबा बंद केला आणि छकड्यातून येडशी स्टेशनावर नेला. गाडी पाच तास लेट. उन्हानं डब्यातून पाणी गळायला लागलं, मग वास सुटला. आता दुसरा बर्फ कुठला?

"चढवू का, साहेब?" हमालानं विचारलं.

"चढव," मुनवर म्हणाला.

सातव्या दिवशी हैदराबादहून उर्दूतला कागद आला. मेंदूत रोगाची खूण आढळली नाही. तोवर सहा सुया झाल्या होत्या. कल्याणप्पांचं पोट सुजून दगड झालं होतं. "आता बस्स," आण्णासाहेब हसून म्हणाले. कल्याणप्पांच्या बायकोनं, शांताक्कांनी, दवाखान्यात सगळ्यांना गूळ वाटला.

मेंदू सडला तर असलेली खूणही दिसत नाही, हे मुनवरला ठाऊक होतं. गळक्या डब्याची गोष्ट त्याच्या अगदी ओठांवर आली. पण शांताक्कांनी त्याच्या हातावर गूळ ठेवला, आणि त्यानं तो मुकाट्यानं तोंडात टाकला.

सव्वा महिन्यानं पाण्याचा तांब्या बघताच कल्याणप्पांच्या घशाला आचके बसायला लागले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

माती दिल्यावर चार दिवसांनी मुनवर त्यांच्या घरी गेला. उंबऱ्याबाहेर बसून, मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं.

शांताक्का म्हणाल्या, "तवाच बोलला असता तर?"

"राहिलेल्या सुया झाल्या असत्या, आक्का. कदाचित वाचले असते."

"सुईला लई भ्यायचे ते. कागद आला, तवा कुठं पोटभर जेवले." त्यांनी पदर तोंडात कोंबला.

मुनवर उठला. अंगण ओलांडतोय तोच मागून आवाज आला, "डाक्तरला सांगितलं का हे?"

"न्हाय अजून."

"मग सांगा जाऊन. उद्या आणिक कुणाचा डबा जाईल."

मुनवर घरी गेला नाही. तसाच भर उन्हात दवाखान्याकडं निघाला.