जिन्याखालची जागा

मास्तरीण पहिल्यांदा रोपवाटिकेत आली तेव्हा तिच्या हातात आलेखाचा कागद होता. एरवी गिऱ्हाइकं रिकाम्या हातांनी यायची आणि म्हणायची, "काहीतरी छान द्या. पाणी कमी लागलं पाहिजे, फुलं भरपूर आली पाहिजेत आणि फार वाढायला नको." रोपवाली अशांना मनातल्या मनात 'मग प्लास्टिकचं घ्या' म्हणायची आणि तोंडानं "बघूया" म्हणायची. या बाईनं मात्र मागच्या अंगणाचा अख्खा नकाशा काढून आणला होता. एक चौकोन म्हणजे एक फूट. कोपऱ्यात उन्हाच्या वेळा लिहिलेल्या.

"इथं आठ ते साडेदहा ऊन. इथं अजिबात नाही. मी आठवडाभर मोजलंय," मास्तरीण म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. ते तिनं सांगायच्या आधीच कळत होतं.

रोपवालीनं कागद टेबलावर पसरला आणि तिचं बोट मध्येच थांबलं. उत्तरेला लांबट भिंत. भिंतीला लागून पाण्याची टाकी. गच्चीवर जाणारा जिना घराबाहेरून चढणारा आणि अकराव्या पायरीला वळणारा. त्या जिन्याच्या पोटात तिकोनी जागा.

त्या अकराव्या पायरीवर तिनं नऊ वर्षं कपडे वाळत घातले होते.

तिच्या आधीच्या नवऱ्यानं, फरशीच्या ठेकेदारानं, दुसरं लग्न केलं, कुण्या मास्तरणीशी केलं, हे तिच्या कानावर आलं होतं. ते घर सोडून तिला सात वर्षं झाली होती. आधी दुसऱ्याच्या नर्सरीत पिशव्या भरल्या, मग कलमं शिकली, मग ही जागा उभी केली. आता सगळा भाग तिला 'रोपवाली' म्हणून ओळखायचा. नवऱ्याचं नाव निघालं तर ती पाण्याची नळी जरा जोरात सोडायची, एवढंच.

"भिंतीलगत तगर लावा," ती म्हणाली. आवाज सरळ राहिला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "टाकीजवळ माती उघडी पडते ना?"

"हो. चिखल घरात येतो."

"तिथं जमिनीवर पसरणारं काहीतरी हवं. वेडेलिया नको, ती बोट दिलं की हात धरते. शेजाऱ्याच्या घरापर्यंत जाईल. ही बघा, लिरिओप. गवतासारखी दिसते पण कापावी लागत नाही. वीतभर अंतरानं लावली की वर्षभरात जमीन झाकते."

मास्तरणीनं लिहून घेतलं. मग पेन्सिलीचं टोक तिकोनी जागेवर टेकवलं. "आणि इथं? जिन्याखाली?"

त्या जागेत नऊ वर्षांत रोपवालीनं लावलेलं प्रत्येक झाड मेलं होतं. एक्झोरा मेली, क्रोटन मेले, नेचे तर तीन वेळा. दर वेळी ठेकेदार चहाचा कप घेऊन जिन्यात उभा राहायचा. पाहुणे असले की त्याला जास्तच चेव यायचा. "आमच्या बाईसाहेबांच्या हाताला गुणच नाही," म्हणायचा. ती म्हणायची, तिथली जागाच वाईट आहे. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "नाचता येईना, अंगण वाकडं." पाहुणे हसायचे. त्यांच्याबरोबर तीही हसायची, याचाच तिला अजून सगळ्यात जास्त राग होता.

"जिन्याखाली नेचे लावा," रोपवाली म्हणाली. "सावली आहे, ओल आहे. नेच्यांना दुसरं काय लागतं?"

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ती इतक्या शांतपणे बोलू शकली.

चोवीस नेचे तिनं स्वतः निवडून दिले, एकसे एक. पिशव्या भरणाऱ्या मावशीनं ते रिक्षात चढवले आणि परत येऊन विचारलं, "आज स्वारी खूश दिसतेय. मोठं गिऱ्हाईक का?"

"जुनं," रोपवाली म्हणाली.

दीड महिन्यानं, रविवारी सकाळी, नर्सरीत पाय ठेवायला जागा नसताना मास्तरीण परत आली. हातात ट्रे होता. ट्रेमध्ये नेचे होते, किंवा नेच्यांचं जे काही उरलं होतं ते. तिनं ट्रे टेबलावर आपटला. माती उडून एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर गेली.

"हे काय दिलंत मला?"

"जे मागितलंत ते."

"चोवीसातले एकोणीस मेले. पाच मरताहेत. मी रोज बघत होते, वहीत टिपून ठेवत होते. पाणी मोजून घातलंय." मग ती बाकीच्या गिऱ्हाइकांकडे वळली. "घ्या, घ्या. रोपं वरून हिरवीगार आणि आतून सडकी. माझ्यासारखं फसायचं असेल तर घ्या."

एका बाईनं हातातली जास्वंद हळूच खाली ठेवली.

आपल्या रोपांना कुणी सडकी म्हणावं, हे रोपवालीनं आजवर ऐकून घेतलं नव्हतं. "माझी रोपं सडकी? आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून!" असं म्हणत तिनं ट्रेमधला एक जिवंत नेचा उचलला, मुळं दाखवायला. आणि तिची नजर पानावर गेली.

पान पिवळं पडलं होतं, पण शिरा हिरव्या होत्या. पिवळ्या कागदावर कुणी हिरव्या शाईनं रेघा ओढाव्यात तशा.

सडलेल्या मुळांनी पान असं होत नाही. पाणी जास्त झाल्यानंही होत नाही. हे पान तिनं या धंद्यात आल्यावर शेकडो वेळा पाहिलं होतं आणि गिऱ्हाइकांना कारण सांगितलं होतं. त्या घरात असतानाही पाहिलं होतं, दर वर्षी. पण तेव्हा तिला झाडांतलं काही कळत नव्हतं, आणि नंतर त्या जागेचा विचार करायचाच तिनं सोडून दिला होता.

"मावशी, एक लिंबू आणा."

"आता सरबत?" मावशी म्हणाली.

"आणा म्हणते ना."

मुळांना चिकटलेली माती तिनं बशीत झाडली. राखाडी, खरबरीत. त्यावर अर्धं लिंबू पिळलं. माती फसफसली आणि बारीक पांढरा फेस वर आला. म्हाताऱ्यानं चष्मा पुसून परत घातला.

"चुना आहे," रोपवाली म्हणाली. "मातीत भरपूर चुना आहे. तिथं नेचा काय, त्याचा बापही जगणार नाही."

"अंगणात चुना कुठून येईल? आता नवीन थाप."

"चला मग. खणून दाखवते."

ती पहार घेऊन रिक्षात बसली. वाटेत दोघी दोन कडांना बसल्या होत्या आणि मध्ये पहार आडवी होती. डावीकडे वळायचं हे रिक्षावाल्याला दोघींनी एकदम सांगितलं, तेव्हा मास्तरणीनं फक्त एकदा मान वळवून तिच्याकडे बघितलं.

फाटकातून आत शिरताच रोपवाली थबकली. समोर पूर्वी तिनं लावलेलं कुंतीचं कुंपण असायचं, डोक्याएवढं वाढलेलं. आता तिथं गुळगुळीत फरशी होती.

"कुंती तोडली यानं," तिच्या तोंडून निघून गेलं.

"त्यांनी नाही. मी तोडली," मास्तरीण म्हणाली. "फुलली की सगळी गल्ली तुमचं नाव काढायची."

म्हणजे हिला माहीत होतं. रोपवालीनं वळून तिच्या तोंडाकडे बघितलं. मास्तरणीनं नजर चुकवली नाही.

"पहिल्या दिवसापासून?"

"दुकानाच्या पाटीवर तुमचं नाव वाचूनच आले होते. मला वाटलं, इथं कुठं काय लागतं हे या बाईइतकं कुणाला ठाऊक असणार? वाटलं, माझ्यावर राग असेल, पण रोपांवर काढणार नाही."

"चुकलं तुमचं."

"हो. चुकलं."

जिन्याखाली मेलेल्या नेच्यांच्या दोन ओळी अजून होत्या, आखून लावलेल्या. रोपवालीनं त्यांच्या मधोमध पहार मारली. एक वीत माती सरली आणि पहार खणकन वाजली. दुसरीकडे मारली, तिथंही तेच. मग ती गुडघ्यांवर बसून हातानं माती ओढायला लागली. फरशीचे तुकडे निघाले. दगडासारखी झालेली सिमेंटची अर्धी पोती, चुन्याची ढेकळं, जुन्या भिंतीचा गिलावा. त्याखाली परत तुकडे. पोटऱ्या बुडतील एवढा खड्डा झाला तरी माती लागेना.

आवाजानं ठेकेदार बाहेर आला. बनियनवर, हातात चहाचा कप. तो थोडा जाडा झाला होता, बाकी तसाच होता.

"ही इथं कशाला?" त्यानं बायकोला विचारलं.

उत्तर रोपवालीनं दिलं. निळ्या फुलांच्या फरशीचा एक तुकडा तिनं वर धरला. "ही मला आठवते, घर बघायला आले तेव्हा मोरीत होती. या घराची मोरी फोडून नवी केली होती, आपण राहायला यायच्या आधी. राडारोडा टेम्पोनं नेला म्हणाला होतास."

लग्नाच्या नऊ वर्षांत तिनं त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. त्याच्याही ते लक्षात आलं. 

"टेम्पो आला नाही त्या दिवशी. पुरून टाकलं. त्यात काय एवढं?"

"नऊ वर्षं मी इथं झाडं लावत होते."

"मग?"

"तुला माहीत होतं ती का मरतात ते."

"तू विचारलंस कधी, खाली काय आहे म्हणून?" तो हसला. "आणि आता एवढी मोठी झाडंवाली झालीस, तुझं तुला कळायला हवं होतं."

रोपवालीनं तो तुकडा फेकला. त्याच्या अंगावर फेकायचा होता, पण तो जिन्याला लागला आणि फुटला. तिला खूप काही बोलायचं होतं. सात वर्षं ती मनात वाक्यं घोळवत आली होती, एकाहून एक धारदार. त्यातलं एकही या खड्ड्याला लागू पडेना. "अंगणच वाकडं होतं," ती एवढंच म्हणाली, आणि तेही धड मोठ्यानं नाही.

"माझ्या पाहुण्यांसमोर पण हीच म्हण काढलीत तुम्ही," मास्तरीण नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज वर्गातला होता, न चढवलेला. "गेल्या रविवारी. हिच्याही हाताला गुण नाही म्हणालात. माझा भाऊ हसला."

"अगं, गंमत—"

"हे सगळं तुम्ही काढायचं. स्वतःच्या हातानं. तुमची माणसं लावायची नाहीत."

"मी? वेड लागलंय का?"

"नाहीतर पुढचे जे पाहुणे येतील त्यांना चहा मी इथंच देईन. खड्ड्याच्या काठावर. आणि काय काय निघालं ते एकेक दाखवीन."

ठेकेदारानं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. मग उरलेला चहा मातीत ओतला आणि आत गेला.

रोपवाली उठली, गुडघे झटकले. का कोण जाणे, आता ही बाई आपल्याशी दोन शब्द बरे बोलेल असं तिला वाटलं. मास्तरीण तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला चुन्याचं माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"पण इथं काही जगत नाही, हे माहीत होतं."

"होतं."

"तरी चोवीस दिलेत."

"दिले."

"मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

रोपवालीनं पहार उचलली.

"फाटक ओढून घ्या जाताना," मास्तरीण म्हणाली.

त्या दिवशी नर्सरीत परतल्यावर ती मावशीवर विनाकारण खेकसली. नंतरचे कित्येक दिवस तिला ठेकेदाराचा राग यायचा तसाच येत राहिला, पण मध्येच मास्तरणीचा प्रश्न आडवा यायचा आणि राग धड पुरा व्हायचा नाही. खड्ड्याची बातमी तिला दूधवाल्याकडून कळत होती. पहिल्या रविवारी ठेकेदारानं दोन घमेली काढली आणि कंबर धरून बसला. त्याच आठवड्यात मेहुणे येणार होते. दुसऱ्या रविवारी तो सकाळपासून खड्ड्यात होता. चौथ्या रविवारी टेम्पो आला.

रोपवालीनं चोवीस नेचे बाजूला काढले, दहा पोती लाल माती आणि पानांचं कुजलेलं खत भरून ठेवलं आणि निरोप पाठवला, की हे न्या, भरपाईचं आहे.

मास्तरीण स्वतः आली. टेबलाजवळची खुर्ची रिकामी असून बसली नाही. तिनं पहिला नेचा उचलला, पिशवी फाडली, मातीचा गोळा हातावर घेतला आणि मुळं तपासली. मग दुसरा. मग तिसरा.

"चोवीसही बघणार?" रोपवालीनं विचारलं.

"हो."

"फाटक्या पिशव्यांतून नेणार कसे?"

"नवीन पिशव्या द्या."

रोपवालीनं पिशव्यांचा गठ्ठा तिच्यापुढे टाकला. मास्तरणीनं एकेक नेचा तपासून परत पिशवीत बसवला, सावकाश, मुळाला धक्का न लावता. एका नेच्यावर ती अडली. "हा बदला. याच्या मुळाशी कीड आहे."

रोपवालीनं बघितलं. खरोखरच होती. तिनं दुसरा आणून दिला.

"पुढच्या वेळी दुसरीकडून घेईन," मास्तरीण म्हणाली.

"घ्या की."

"दोन ठिकाणी बघून आले. तिथं असे मिळत नाहीत." हे तिनं चिडून सांगितलं, जणू यातही रोपवालीनंच काहीतरी लबाडी केली होती.

मावशी पोती उचलायला पुढे झाली, पण मास्तरणीनं तिला हातानंच थांबवलं आणि एकेक पोतं स्वतः ओढत रिक्षाकडे नेलं. दहा फेऱ्या झाल्या. रोपवाली नळी घेऊन तगरीच्या रांगेला पाणी घालत उभी राहिली. मदतीला गेली नाही, आणि तिला कुणी बोलावलंही नाही.